पहिलं रीळ

मंगळवारी सकाळी मंगळवेढ्याच्या आभाळात, खाली डाव्या कोपऱ्यात, पांढरी अक्षरं उमटली. एकेक अक्षर टक टक करत आलं आणि स्थिर राहिलं. ‘मंगळवेढा शिवार. सकाळी दहा वाजून चार मिनिटं.’ नीलावती बुरकुल अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं ओळ वाचली, घरात जाऊन घड्याळ बघितलं. दहा वाजून चार मिनिटंच झाली होती.

गल्लीतल्या इतरांनीही ती वाचली. कुणी म्हणालं निवडणुकीची जाहिरात असेल, कुणी म्हणालं विम्याची. वाचून झाल्यावर लोक आपापल्या कामाला लागले. नीलावतीच्या हातातलं ओलं लुगडं मात्र तसंच राहिलं.

बावीस वर्षं ती गावातल्या टॉकीजची ऑपरेटर होती. वडलांनंतर केबिन तिच्याकडे आली आणि टॉकीज बंद पडेपर्यंत तिच्याकडेच राहिली. परग्रहांची, अंतराळयानांची डब केलेली चित्रं सकाळच्या खेळाला लागायची. पहिलं रीळ सुरू झालं की चित्र नीट दिसेपर्यंत तिला खिडकीच्या काचेला डोळा लावून उभं राहावं लागे. पुढचा वेळ रिळं बदलण्यात आणि उलटी गुंडाळण्यात जाई. त्यामुळे त्या चित्रांचे शेवट तिनं फारसे पाहिले नव्हते, पण सुरुवाती तोंडपाठ होत्या. आधी कोपऱ्यात ठिकाण आणि वेळ. मग अशी शांतता, की थेटरात कुणी शेंग फोडली तरी ऐकू यावी. मग जनावरांना कळतं. मग एक साधा माणूस दिसतो, एकटा, रोजचं काम करणारा. तो मान वर करतो. गोष्ट त्याची नसते. त्याला फक्त सगळ्यांच्या आधी दिसतं, आणि दुसऱ्या रिळात तो नसतो.

या वेळी शिवारात एकटं कोण असेल, हे तिला शोधावं लागलं नाही. तिचा धाकटा भाऊ सिद्राम महिनाभर ज्वारी राखत होता. रानाच्या मधोमध चार लाकडांवर बांधलेल्या माळ्यावर उभा राहून तो दिवसभर गोफणीनं पाखरं उडवायचा. तिनं त्याला फोन लावला. आत नुसती खरखर होती. खरखरीच्या मागं कुणीतरी सावकाश उलटे आकडे मोजत होतं.

ती स्कूटीवरून निघाली. वेशीबाहेर पडताच गाडीचा आवाज बंद झाला, गाडी मात्र चालत राहिली. गावातली कुत्री एका रांगेत, न भुंकता, रस्त्याच्या कडेनं बाहेर चालली होती. एकही मागं बघत नव्हतं. शिवार दोन्ही बाजूंनी रुंद होत गेलं. बांधावरची लिंबाची झाडं एकमेकांपासून लांब सरकली. मग आभाळाच्या वरच्या अंगाला एक सरळ काळी पट्टी खाली उतरली आणि तशीच एक जमिनीतून वर आली. स्कूटीची चाकं त्या काळ्यात बुडून फिरू लागली. नीलावतीनं वेग कमी केला नाही. रुंद पडद्याच्या चित्रासाठी तिनं स्वतः कितीदा अशा पट्ट्या बसवल्या होत्या. त्या ठरल्या जागी येऊन थांबतात, हे तिला ठाऊक होतं, आणि त्या थांबल्याच.

रानाच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा ते वरून आलं.

तिच्या डोक्यामागून एक टोक पुढं सरकलं. ते संपेल म्हणून ती थांबली, पण ते संपेना. एखादं शहर पालथं घालून कुणी अलगद ढकलत न्यावं, तसं त्याचं पोट ज्वारीवरून चाललं होतं. पाइप, जिने, सज्जे, पुन्हा जिने, आणि हजारो बारक्या खिडक्या. प्रत्येक खिडकीत दिवा होता. एका खिडकीत कुणीतरी ताट पुसत होतं. सावली पडली ती विहिरीच्या पाण्यासारखी गार होती. तिच्याखाली टपोरी कणसं आपसूक वर उचलली गेली आणि ताठ उभी राहिली. हे सगळं नीलावतीनं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण वीतभर काचेतून. त्याच्याखाली ती कधी उभी राहिली नव्हती. तिनं स्कूटी बांधाला टेकवली आणि माळ्याकडे चालू लागली. आपल्याला भीती वाटत नाही, हे तिला लगेच कळलं.

सिद्राम माळ्यावर होता. गोफण हातातून लोंबत होती.

“खाली उतर,” ती म्हणाली.

“अक्का, हे संपंनाच गं,” तो वर बघतच म्हणाला.

तो वर बघत होता तोवर माळ्याच्या शिडीला पायऱ्या वाढत होत्या. तिनं पदर खोचला आणि चढायला लागली. ती बराच वेळ चढली. वर पोचल्यावर तिनं धाप टाकत त्याला सगळं सांगितलं. कोपऱ्यातली अक्षरं कशासाठी असतात, कुत्री का गेली, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याचं काय होतं. सिद्राम शहाण्यासारखा ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, आपण दोघंही उतरलो तर? तिनं मान हलवली. कुणीतरी एक वर लागतंच, नाहीतर चित्र पुढं सरकत नाही.

“मग मी ऱ्हातो. माळा माझा हाय.”

“तुझ्या घरात तिघं जेवायची थांबलीत, सिद्राम.” तिनं गोफणीसाठी हात पुढं केला. “आणि मला बघायचंय.”

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. दुसरं वाक्य जास्त खरं होतं, हे त्याला उमगलं असावं. त्यानं वाद घातला नाही. गोफणीचा फास बोटातून काढून त्यानं तो तिच्या बोटात अडकवला, लहानपणी राखी सोडवून ठेवायचा तितक्या जपून, आणि शिडीवर पाय ठेवला. वर बघू नकोस, असं तिनं बजावलं. तो उतरला तशा पायऱ्या कमी होत गेल्या. खाली मान घालून, आपल्याच पायांकडे बघत तो ज्वारीत शिरला. कणसं त्याच्यामागं मिटली.

नीलावती माळ्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं मान वर केली.

वरचं पोट उघडलं. त्यातून उजेड उतरला. दुधावर साय धरावी तसा तो सावकाश तिच्या अंगावर धरत गेला. तिला गार वाटलं, मग उबदार, मग काहीच नाही. आत खोल, जिन्यांच्याही पलीकडे, आणखी एक आभाळ होतं आणि त्यात तिनं कधी न पाहिलेल्या चांदण्या होत्या. ती मोजायला लागली. सातव्या चांदणीवर डाव्या कोपऱ्यात पुन्हा टक टक सुरू झालं. तिनं नजर खाली वळवली.

‘सव्वीस वर्षांनी.’

ज्वारी नव्हती. जिथवर शिवार होतं तिथवर माणसं बसली होती, रांगांमागं रांगा, मांड्या घालून, माळ्याकडे तोंड करून. कुणी हलत नव्हतं. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांचा सिद्राम होता. त्यानं मान वर केली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्या चेहऱ्यांवर निळा उजेड हलत होता, आणि तो, दुसरं रीळ लागल्यासारखा, तिच्या पाठीमागून येत होता.