'सिंपथेटिक' पाहण्यात गेलेला अर्धा तास

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. छापखान्यात माझी पाने शिवली गेली, त्यांवर कापडी बांधणी चढली आणि मी एका कारखान्याच्या कचेरीत दाखल झालो. माझा कौल घेतल्यावाचून एकही इंग्रजी पत्र बाहेर पाठवायचे नाही, असा तिथल्या हेडक्लार्कांचा दंडक होता. त्या मानामुळे मी फुगून जात असे.

एका दुपारी कारखान्यातल्या एका फिटरचा हात यंत्रात सापडला. कारखान्याचे पत्र पाच वाजण्यापूर्वी पोचले, तरच मोठ्या इस्पितळात त्याच दिवशी शस्त्रक्रिया होणार होती. चार वाजत आले होते. फिटरची बायको दारात उभी होती. तिच्या बाहीवर रक्त वाळले होते.

टायपिस्टबाईंनी टाइप केलेले पत्र हातात धरून हेडक्लार्क एका विशेषणावर अडले.

"'सिंपथेटिक' विचार व्हावा, असं लिहिलंय तुम्ही. हे माणसाला लावायचं की विचाराला?"

मला उघडण्यात आले. 'दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होणारा. सहानुभूतीचा', असा अर्थ माझ्यात स्वच्छ छापलेला होता.

"दोन्हीकडे चालतं, साहेब," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"चालतं काय? लंगडंही चालतं." हेडक्लार्कांनी 'कंपॅशनेट', म्हणजे 'दयाळू', हे पान काढले, ते वाचले आणि पुन्हा 'सिंपथेटिक'वर आले.

"भाऊ, घड्याळ बघा," दारातून आवाज आला.

"वहिनी, चुकीचं पत्र परत येतं. बसा जरा."

"बसायला नाही आले मी."

साडेचार वाजले. टायपिस्टबाईंनी पत्र त्यांच्यापुढे सरकवले. "सही करा. शब्द चुकला तर माझ्या माथी मारा."

त्यांनी सही केली. फिटरची बायको पत्र घेऊन अक्षरशः धावत सुटली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क इस्पितळात जाऊन आले आणि बराच वेळ टोपी हातात घेऊन बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "हात वाचला. दोन बोटं गेली. पत्र अर्धा तास आधी आलं असतं तर राहिली असती, म्हणाले डॉक्टर."



त्यानंतर माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ बसली, कसर लागली. कोणी म्हणेल, यात कोशाचा काय दोष? मी म्हणतो, आहे. तो अर्थ माझ्या पानावर होता आणि त्या खोलीत मात्र तो एकट्या टायपिस्टबाईंना कळला होता. तरीही मी मानाने उघडा पडून होतो.

मित्रांनो, माझी धूळ झटका, पाने जपा, शंका आली की मला जरूर विचारा. मात्र दारात कोणी ताटकळत असेल, तर आधी मला मिटा.