गोळ्या न घेतलेली सकाळ

घरातल्या माणसाला मोठा आजार झाला, की आपण आधी डॉक्टर शोधतो आणि लगेच लोकांना सांगायला एखादं निमित्त. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या गुनवोरने नवऱ्यासाठी पाठदुखी शोधली होती. हाल्वार्डला पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली, तरी शेजाऱ्यांसाठी ती पाठदुखीच होती.

त्या शनिवारी मात्र तिची पंचाईत झाली. एका संशोधनासाठी हाल्वार्डच्या मेंदूचं स्कॅन होतं. यंत्र मोकळं असतं म्हणून संशोधनाच्या तपासण्या शनिवारीच होत, आणि नेमकं त्याच सकाळी दुगनाद, म्हणजे सोसायटीचं श्रमदान. अख्खी सोसायटी दाताळी घेऊन आवारातला पाचोळा ओढत होती. त्यात स्कॅनसाठी आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद. हाल्वार्डचे पाय लाकडासारखे झाले होते.

"मागच्या दाराने जाऊ," गुनवोर म्हणाली.

"टॅक्सी पुढच्या फाटकात उभी आहे. आणि मी काय चोरी केलीय?"

आवाराच्या मधोमध त्याचे पाय जमिनीला चिकटले. अंग पुढे झुकलं, डोलू लागलं. दाताळी थांबली. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. दुसऱ्याच्या अडचणीकडे न बघणं यालाच इथे सभ्यपणा म्हणतात. फक्त सोसायटीची अध्यक्ष सुन्निवा हळूच जवळ आली.

"आज सकाळी सकाळीच?" ती गुनवोरच्या कानाशी म्हणाली. "म्हणून तर दुगनादनंतर मी त्याला बिअरऐवजी सरबत देते. कोणाला काही बोलले नाही हं मी."

गुनवोरचा चेहरा उतरला. "घरी चल, हाल्वार्ड. मी फोन करून रद्द करते."

"दोन वर्षांपूर्वीचं चित्र संशोधकांकडे आहे. आजचं नसेल तर आजार किती वाढला हे त्यांना कळायचं कसं? मग ते पहिलंही वाया." त्याचे शब्द अडखळत होते. "गोळ्यांनी आजार झाकला जातो, यंत्राला खरं दिसत नाही. म्हणून आज असा निघालोय. यंत्राला खरं दाखवायचं आणि शेजाऱ्यांना खोटं, हे मला नाही जमत गं. तुझी ती पाठदुखी मला जास्त दुखते."

गुनवोरला भरून आलं. चार वर्षं आपण नवऱ्याची अब्रू राखतोय असं ती समजत होती, आणि इकडे लोकांनी त्याला दारुडा ठरवून टाकलं होतं!

"तो प्यायलेला नाही," ती आवारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्याला पार्किन्सन्स आहे. मीच लपवलं."

सुन्निवा कानापर्यंत लाल झाली. "आम्हीही कधी विचारलं नाही. काय करू, सांग."

"तुझं दाताळं त्याच्या पायांपुढे आडवं ठेव. ओलांडायला काही दिसलं की त्याचा पाय उचलतो."

सुन्निवाने ठेवलं. हाल्वार्डचा पाय उचलला गेला. मग दुसऱ्या शेजाऱ्याने आपलं ठेवलं, मग तिसऱ्याने. फाटकापर्यंत दाताळ्यांची रांग लागली.

"जरा जवळ जवळ ठेवा रे," हाल्वार्ड म्हणाला, "लांब उडीचं माझं वय गेलं."

लोक हसले, तोही हसला, आणि तपासणीला वेळेवर पोचला.

वाचकहो, आजाराचं नाव आपण लपवलं, की लोक त्याला आपल्या मनाचं नाव देतात, आणि ते फार वाईट असतं. म्हणून आपल्या घरातल्या आजाराचं नाव मोकळेपणाने घ्या. आणि शेजारी अडखळताना दिसला, तर मान खाली घालू नका. जवळ जा आणि विचारा.