पाण्याला भिणारा पाहुणा

मी एक स्फटिक बोलतोय. भराभर बोलतोय, कारण आता मी निम्माच उरलोय.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी पाण्यातून जन्मलो. क्षाराचं दाट द्रावण, त्यात दोऱ्याला टांगलेला एक कण, आणि ते द्रावण रोज किंचित थंड करत तीन महिने राखणीला बसलेला लवू. समुद्रकाठच्या आचरा गावातल्या सत्यवतीचा मुलगा. हुद्दा मदतनिसाचा, काम सगळं. मला नेमक्या कोनात कापलं, तेही त्यानेच.

सदुसष्ट साली माझ्यातून लेसरचे दोन झोत सोडले. एक हिरवा, दांडगा. दुसरा अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा, दुबळा. दोन्ही इतके क्षणिक, की पापणी लवेपर्यंत तसे अब्जावधी मावावेत. ते एकाच वेळी आत शिरले आणि हिरव्याने आपलं बळ दुबळ्याला दिलं. दुबळा कित्येक पटींनी जोरकस होऊन बाहेर पडला. लवू नाचलाच. प्रयोगशाळेच्या साहेबांनी शांतपणे त्याची नोंदींची वही मागून घेतली.

प्रकाशात दांडगा देतो. माणसांत काय करतो, ते मी तिथे पाहिलं.

पुढच्या मे महिन्यात माझी एक बाजू धुकटली. ती घासायला लवूने मला रजेत घरी आणलं.

"आये, हेका पाणी लावू नको. इरघळतलो."

"मिठासारखो?"

"मिठासारखोच."

"अरे मेल्या, पाण्याक भियणारो पावणो गाबताच्या घरात इलो कसो?" सत्यवती हसली. गाबीत म्हणजे दर्यावर जगणारे मच्छीमार.

चार दिवसांनी लवू मामाची होडी घेऊन एकटाच मासेमारीला गेला. वारा फिरला. होडीची एक फळी परत आली. लवू आला नाही.

सत्यवतीने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. भोवती भाजून निववलेले तांदूळ, झाकणाच्या फटीला मेण. दर आठवड्याला ती तांदूळ बदलायची, मला पदराने पुसायची आणि विचारायची, "सुको आसस मा रे, लवू?"

मी कोरडा होतो. पण ती मला विचारत नव्हती. तिची नजर दाराबाहेर, दर्यावर असायची. उत्तर ऐकू आल्यासारखी मान हलवून ती डबा लावायची.

असे दोन पावसाळे गेले. मग साहेब मला परत न्यायला आले. तसा स्फटिक पुन्हा कुणाला जमला नव्हता. मला पाहून ते थक्क झाले. "या हवेत? एक डागसुद्धा नाही!" त्यांनी कौतुकाने छापील शोधनिबंध तिच्यापुढे धरला. "तुमच्या मुलाने मदत केली, ते हे काम."

"माका वाचूक येना नाय. लवूचा नाव खंय आसा? जरा बोट ठेवन दाखवा."

साहेबांनी पहिलं पान पाहिलं. शेवटचं पाहिलं. बोट कुठेच टेकलं नाही.

"मदतनिसांची नावं छापत नाहीत, बाई."

सत्यवतीने मला मुठीत घेतलं आणि वाळूवरून सरळ चालत गेली. मागून साहेब धावले. "अहो, विरघळेल तो!"

"माका ठावक आसा."

गुडघाभर पाण्यात तिने मूठ उघडली. "जा, बाबा. तो थंय एकटोच भिजता."

माझे कोन गेले. तिरका काप अजून थोडा शिल्लक आहे. तो लवूने घातला होता. कुठेच छापलेलं नाही, म्हणून सांगून ठेवतो. तुम्ही तरी लिहून ठेवा.