धानाची घट

सेहेचाळीस सालच्या मळणीला तिरोड्याजवळच्या एका खळ्यावर सुखराम आणि खुशाल या सख्ख्या भावांची जुंपली, तेव्हा मधे पडला धाकटा उदाराम. नागपूरच्या कॉलेजात विज्ञान शिकणारा पोरगा. घर फुटू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. फुटलं तर माय, अनुसयाबाई, कोणाकडे जाणार?

भांडण घटीचं. दोघांच्या बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, ओलं धान वेगवेगळं तोलून एका ढिगात घातलं होतं, आणि उन्हं खाऊन ढीग आता कमी भरत होता. "वाळलं धान," सुखराम म्हणाला. दरसाल हेच होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण काटा सुखरामच्या हातात, म्हणून खुशालच्या पोटात दुखत होतं. "तूच खाऊन राहिला," तो म्हणाला.

उदारामला वाटलं, आपण समजावू. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण जपानवर बॉम्ब पडल्यापासून त्याला अणूचं वेड लागलेलं. "भाऊ, अणूच्या पोटात कण एकमेकांले ढकलून राहतात. पण अगदी चिकटून बसले का एक जबर ओढ त्यांले धरते. जरासे दूर झाले का ओढ खतम, ढकलणंच उरते. सुटे तोलले तर भारी, जोडले का कमी भरतात. ते चोरी नाही. जोडताना ताकद बाहेर पडते, घट तिच्यात जाते. तोडाले तेवढीच ताकद पुन्हा घालावी लागते."

खुशालनं त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. "आयकलं? शिकलेलाबी म्हणते, जोडलं का कमी भरते. मंग माझं धान जोडलं काऊन?"

त्यानं बैलगाडीच्या कडेचा उभा दांडका, उभारी, उपसली. पहिला फटका आडव्या आलेल्या उदारामच्या मनगटावर बसला, हाड कडकन मोडलं. दुसरा सुखरामच्या कानामागे. तो धानावर पालथा पडला, तरी खुशाल मारतच राहिला. धान रक्तानं भिजलं.

मग खुशालनं उभारी टाकली. भावाला उताणा केला, हलवलं, हाका मारल्या, आणि घट्ट मिठी मारून बसला. सुखराम केव्हाच गेला होता.

दुपारी शिपाई आले. खुशाल मिठी सोडीना. त्यांनी ओढलं, लाथा घातल्या, बोटांवर काठ्या हाणल्या. बोटं फुटली, हात सुटेनात. शेवटी खळ्याच्या कडेला बसलेली माय उठली. मेलेल्या लेकाच्या पाठीवरून जित्या लेकाची बोटं ती स्वतः सोडवू लागली. मोडका हात पोटाशी धरून उदाराम मदतीला पुढे झाला.

माय म्हणाली, "तू हात नोको लावू."