केरलेनच्या काठची बादली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बादली आहे आणि मला एका नदीचा मत्सर वाटतो. हसू नका. जन्मभर दुसरीचंच कौतुक ऐकावं लागलं, की तुमच्याही पोटात दुखेल.

ती नदी म्हणजे केरलेन. खेंतीच्या डोंगरातून तीन नद्या निघतात. तूल पश्चिमेला जाते, ओनोन ईशान्येला. आमच्या बाईसाहेब आधी दक्षिणेला उतरतात, मग एकाएकी पूर्वेला वळतात आणि सगळा गवताळ माळ ओलांडून परमुलखातल्या तळ्याला मिळतात. ज्याने जग जिंकलं त्या खानाचा तळही म्हणे हिच्याच काठी होता. झालं! तेव्हापासून हिचा तोरा काही उतरलेला नाही.

मला दाशन्याम नावाच्या धनगराने घडवलं. खोरलो त्याच्याशी लग्न होऊन आली, तेव्हा त्याने देवदाराच्या फळ्या तासल्या, कडी घट्ट बसवली आणि मला तिच्या हातात दिलं. रोज पहाटे खोरलो मला घेऊन नदीवर जाई. पाणी मी आणायची, चहा माझ्या पाण्याचा व्हायचा. पण दूधमिठाच्या त्या चहाची पहिली पळी खोरलो उडवायची आभाळाकडे आणि नदीकडे. "केरलेन आई, तुझ्यामुळे जगतो," म्हणायची. आणि मी? मी दाराशी उपडी.

शिवाय तिचं सोवळं किती! नदीत हात धुवायचा नाही, भांडं विसळायचं नाही, दुधाचा थेंब पडू द्यायचा नाही. काय धुवायचं ते माझ्यात पाणी घेऊन, काठापासून लांब जाऊन. सगळ्यांचा मळ माझ्या वाट्याला आणि ती कायम स्वच्छ. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

दाशन्याम गेला. मग एका भयंकर हिवाळ्यात मेंढरं उभ्या उभ्या गोठली आणि खोरलोचा मुलगा गानसुख तंबू गुंडाळून सगळ्यांना शहराच्या कडेला घेऊन आला. खोरलो वाटभर रडली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुटले एकदाची तिच्या तावडीतून!

कसली सुटले? शहरात पाणी वस्तीच्या सार्वजनिक नळावरून प्लास्टिकच्या डब्यांतून येई. माझ्यात चुलीची राख भरली. उन्हाने फळ्या आक्रसल्या, सांधे उघडे पडले.

खोरलोही तशीच सुकत गेली. चहा नको, सूप नको. शेवटी अंथरूण धरलं आणि एक दिवस सुनेला, सोलोंगोला म्हणाली, "केरलेनचं घोटभर पाणी दे गं. ह्यांच्या बादलीतून आण. प्लास्टिकला वास मारतो."

गानसुख वैतागला. त्या गळक्या बादलीत पाणी टिकणार आहे का, म्हणाला. सोलोंगोने माझ्यातली राख झटकली आणि शेजारच्या दोर्जच्या ट्रकमध्ये चढली.

काठावर पोचताच तिने घाईघाईने मला पाण्याकडे झुकवलं. माझ्या तळाशी राख चिकटलेली होतीच. मी मनात म्हटलं, बुडव! होऊ दे एकदा तिला काळी! इतकी वर्षं ह्याच क्षणाची वाट पाहत होते मी.

सोलोंगोचा हात थांबला. तिने मला लांब गवतात ठेवलं, सोबतच्या वाडग्याने पाणी आणून घासूनपुसून धुतलं, मग वाडग्या-वाडग्यानेच भरायला लागली. पाणी सगळ्या फटींतून गळून गेलं. तिने पुन्हा भरलं, पुन्हा गळालं. दोर्ज ओरडला, "वहिनी, त्या फुटक्या बादलीपायी अंधार कराल!"

"फुटकी नाहीये हो ती, तहानली आहे," सोलोंगो म्हणाली. "जरा दम धरा."

ती वाकत राहिली आणि नदी देत राहिली. मी नदीचं वाईट चिंतलं होतं, पण तिने एकदाही हात आखडता घेतला नाही. दुपार कलली तेव्हा फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या आणि पाणी थांबलं. खरं सांगते, मला त्याचाही राग आला. इतकं चांगलं असावं का कुणी?

घरी सोलोंगोने सासूला टेकून बसवलं. खोरलोने पाण्यात बोट बुडवून एक थेंब आभाळाकडे उडवला आणि वाडगं ओठांना लावलं. किती दिवसांनी ती पोटभर प्यायली. "आली गं माझी केरलेन आई," ती म्हणाली. "एवढ्या लांब चालत आली माझ्यासाठी."

चालत! अहो, कोणाच्या पोटात बसून आली ती? माझं नाव कुणी काढलं नाही. मी जळफळले, पण खोरलोने पुन्हा वाडगं पुढे केलं तेव्हा तिच्यासाठी पाणी माझ्यात काठोकाठ होतं.

मित्रांनो, नदीच्या पाया जरूर पडा, तिच्यात घाण टाकू नका. पण तिला तुमच्या दारापर्यंत घेऊन येणारं जे कोणी असेल, त्यालाही कोरडं पडू देऊ नका.