किशोरीच्या वितीएवढी फट

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना खुराडा आहे. धामापूरला तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सुगंधाबाईंच्या परसात, फणसाखाली उभा आहे.

मला त्यांचे यजमान सत्यवान यांनी बांधले. तळाला चिरे, वर बांबूच्या पट्ट्या, माथ्यावर कौले. कौलांखाली त्यांनी चारही बाजूंनी फट ठेवली आणि मुंगूस शिरू नये म्हणून तिला जाळी लावली. फटीचे माप त्यांच्या लहानग्या लेकीने, किशोरीने, आपल्या वितीने दिले.

"कोंब्यांका पावस लागाक नको, पण वारो जावक व्हयो," ते तिला म्हणाले. "ही फट कधी बुजव नको गो."

दर पावसाळ्याआधी सुगंधाबाई मला पश्चिमेकडून नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापे बांधत. तेव्हाही फट उघडीच असे. शेजारणी म्हणत, "सुगंधाचो खुराडो म्हणजे बंगलोच!" बावीस वर्षे माझ्या आत एकही कोंबडी गुदमरली नाही.

सत्यवान गेले. किशोरीने घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. गेल्या मे महिन्यात एक पाहुणा नाकाला रुमाल लावून परसातून गेला.

"आये, पावण्यांका वास येता," किशोरी म्हणाली.

"आणि कोंबडी-वडे हाणताना खंय गेल्लो वास?" सुगंधाबाई फणकारल्या.

दुसऱ्या दिवशी त्या काजूच्या बागेत गेल्या. पाहुणे अंगणात बसणार म्हणून किशोरीने कोंबड्या आत कोंडल्या आणि घरातल्या जुन्या फ्लेक्सने मला गुंडाळले. माझ्या छातीवर ठळक अक्षरे आली : 'आपले सहर्ष स्वागत'. मग तिने तार आवळून फटही बुजवली.

मित्रांनो, तो हात माझ्या ओळखीचा होता. म्हणून मला आधी भीतीच वाटली नाही.

दुपारी आत भट्टी पेटल्यासारखे झाले. विष्ठेचा उग्र वास डोळ्यांना झोंबू लागला. कोंबड्या पंख पसरून, चोची उघडून धापा टाकत होत्या. त्यांतली तांबडी कोंबडी पुन्हा पुन्हा फटीकडे उडी मारत होती. वारा कुठून येतो, हे तिला ठाऊक होते.

सुगंधाबाई परतल्या तेव्हा आठांतल्या चार गेल्या होत्या. पाचवी तांबडी; तिने त्यांच्या मांडीवर मान टाकली.

"खुराडोच जुनो झालो, आये. हेच्यात रोग आसतलो," किशोरी पुटपुटली.

बावीस वर्षांच्या चाकरीनंतर हे ऐकायचे होते!

सुगंधाबाईंनी कोयत्याने फ्लेक्स टरकावला. लेकीचा हात ओढून फटीपाशी धरला. "वारो लागता? ही तुझीच वीत."

किशोरीने हात काढला नाही. तिथेच उभी राहून ती रडली.

आता फट उघडी आहे. झापेही नवी आहेत. पण उरलेल्या तीन कोंबड्या तिन्हीसांजेला माझ्या दारापर्यंत येतात, आत पाहतात आणि फणसावर चढतात. किशोरी आत दाणे टाकून बोलावते. त्या येत नाहीत.

मित्रांनो, कोणाला दाराआड ठेवलेत, तर वाऱ्याला वाट ठेवा. वास आला तर मला झाडून घ्या, माझे तोंड बांधू नका. माझी फट कोणी बुजवली, ते तुम्हाला कळले. कोंबड्यांना ते कोण सांगणार? त्यांच्या लेखी दगा मीच दिला.