पायाच्या मापाचा कागद

त्या म्हातारीचं नाव मला आठ वर्षांनी कळलं. तोवर ती माझ्यासाठी नुसती मा होती.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांनी पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांसाठी गुळाच्या ढेपा नि घोंगडी गोळा केली. ट्रक माझा. रायपूरजवळच्या छावणीत माल उतरत होता, तेव्हा ती माझ्या पायांतल्या चपलांकडे बघत उभी होती. तिच्या पायांना चिंध्या बांधलेल्या.

मोडक्या हिंदीत म्हणाली, "असली चप्पल मला दे, बाबा. सरहद्दीपर्यंत चालत आले, घरीही चालतच जाईन. तळ्याकाठी माझी सुपारीची झाडं आहेत, कुणी पाणी घातलं नसेल."

मी म्हटलं, "माप घेतो. कागद आहे का?"

छावणीत ज्यानं त्यानं तिला कागदच मागितला होता. मी मागितला, तेव्हाही तिनं कमरेचा तोच काढून दिला. मी तो जमिनीवर पालथा घातला, तिचा पाय ठेवून कोळशानं भोवती रेघ मारली, घडी खिशात घातली नि निघालो. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं.

कोल्हापुरात चपला करणाऱ्या गुंडूनं कागद उलटा केला.

"लालासाब, ह्यो शिक्का बघ की! म्हातारीचं रेशन हाय ह्यात. उपाशी मारतोस व्हय तिला?"

माझी बायको हाफिजा म्हणाली, "आत्ताच्या आत्ता टपालानं धाडा."

"हरवलं तर? मी स्वतः नेऊन देतो," मी म्हटलं. माझं चुकलं ते तिथं. आठवड्यात लढाई सुरू झाली, नि मला तिकडची फेरी मिळाली ती फेब्रुवारीत.

चपला नि कागद घेऊन पोचलो, तर छावणीत एक कारकून रिकामे तंबू मोजत होता.

"पंचवीस मार्चनंतर आलेले सगळे परत पाठवले. सरकारचा हुकूम," तो म्हणाला.

"कागद नसला तरी?"

"ठेवून घ्यायला कागद लागतो. पाठवायला कशाला?"

"नि मधले तीन महिने तिला रेशन मिळालं का?"

"हजारो माणसं होती, भाऊ. मी कुणाकुणाचं सांगू?"

पुढं प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो. धडा सोडून पहिला तो कागद वाचला. हिंदीत होता. नाव, निभाराणी मंडल. वय, एकसष्ट. खाली गाव नि जिल्हा खुलना. त्या पत्त्यावर आजवर चार पत्रं टाकली. प्रत्येकात एकच विचारलं: मा, तेव्हा जेवायला मिळत होतं का?

न वापरलेलं चामडं वाळतं, म्हणून दर दिवाळीला मी त्या चपलांना तेल लावतो. यंदा हाफिजा म्हणाली, "अहो, कुणा गरिबाच्या तरी पायात जाऊ द्या की."

मी कागद पालथा घातला. कोळशाची रेघ आता अंगठ्यापाशीच तेवढी दिसते. चप्पल त्यावर ठेवून पाहिली. माप बरोबर आहे.

"पत्र येऊ दे," मी म्हटलं.